बॉम जेझुस बॅसिलिका : एका येशू संघीय मंदिराची वास्तू आणि कला

जुने गोवे येथील बॉम जेझुस बॅसिलिका आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी आपल्या धर्मग्रामांतून सहली निघतात, भाविक रांगेत उभे राहतात, नमन करतात, मेणबत्त्या लावतात आणि पुढील ठिकाणी निघून जातात. दर्शन घडते, परंतु मंदिर पाहावयाचे राहून जाते. ज्या वास्तूत आपण उभे असतो ती मुळात झेवियर यांच्या समाधीसाठी उभारलेली नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिच्या लाल दगडी दर्शनी भागाचे छायाचित्र घरोघरी असते. पण तो लाल रंग मंदिराचे मूळ रूप नव्हे, हेही फार थोड्यांना माहीत असते. या लेखात आम्ही या मंदिराच्या वास्तुरचनेची व कलेची माहिती देत आहोत. तिच्याशी निगडित असलेला आणि अद्याप न सुटलेला एक प्रश्नही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नाव आणि स्थापना

'बॉम जेझुस' या पोर्तुगीज शब्दांचा अर्थ 'भला येशू' अथवा 'कृपाळू येशू' असा आहे. हे मंदिर बाळ येशूला अर्पण केलेले आहे. २४ नोव्हेंबर १५९४ रोजी त्याची कोनशिला बसविण्यात आली आणि १५ मे १६०५ रोजी गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या हस्ते ते पवित्र करण्यात आले. हे आर्चबिशप संत ऑगस्टिन यांच्या संघाचे होते. त्यांच्या संघाचे भव्य मंदिर समोरच्या टेकडीवर होते. आज त्याचा केवळ अर्धा मनोरा उरला आहे. त्या मनोऱ्याची आठवण पुढे पुन्हा येणार आहे.

मंदिराच्या आधी त्याला लागून असलेला मठ उभा राहिला. येशू संघाच्या, म्हणजे ज्यांना आपण जेज्विट म्हणतो त्यांच्या, धर्मगुरूंचे हे निवासस्थान 'कासा प्रोफेसा' या नावाने ओळखले जाते. अखेरची व्रते घेतलेले धर्मगुरू येथे राहत. १५८५ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले आणि बराच विरोध होऊनही १५८९ पर्यंत ते पूर्ण झाले. १६६३ मध्ये लागलेल्या आगीत या इमारतीचा काही भाग जळाला व १७८३ मध्ये तो पुन्हा बांधण्यात आला.

मंदिरासाठी लागलेला पैसा मुख्यत्वे एका सेनानीच्या मृत्युपत्रातून आला. कोचीनचे कप्तान दोम जेरोनिमो मास्कारेन्यस १५९३ साली निधन पावले आणि त्यांनी मागे ठेवलेल्या संपत्तीतून हे काम झाले. त्यांचे स्मारक आजही मंदिराच्या उत्तरेकडील भिंतीवर आहे. सोनेरी मुलामा दिलेले, कांस्याचे, दोन सिंहांच्या आधारावर टेकलेले हे स्मारक रांगेतील भाविकांच्या नजरेतून हमखास निसटते, कारण साऱ्यांचे डोळे तोवर समोरच्या उजव्या बाजूकडे, झेवियर यांच्या कपेलकडे लागलेले असतात.

प्रवचनासाठी बांधलेले मंदिर

येशू संघाची मंदिरे समजून घ्यावयाची असतील तर प्रथम रोमकडे पाहावे लागते. त्रेंतची धर्मपरिषद १५६३ मध्ये संपली. प्रॉटेस्टंट चळवळीच्या आव्हानाला उत्तर देताना ख्रिस्तसभेने संस्कार, प्रवचन आणि धर्मशिक्षण यांवर नव्याने भर दिला. याच काळात, १५६८ मध्ये, रोममध्ये येशू संघाच्या मातृमंदिराचे काम सुरू झाले. 'जेसू' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या मंदिराची आखणी विन्योला या वास्तुविशारदाने केली, दर्शनी भाग जाकोमो देल्ला पोर्ता याने रचला आणि १५८४ मध्ये ते पवित्र करण्यात आले.

त्याचे महत्त्व त्याच्या आतील मोकळेपणात आहे. मध्ययुगीन मंदिरांत मुख्य दालनाच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि त्यांपलीकडे उपदालने असत. खांबांआड उभ्या असलेल्या माणसास वेदी दिसत नसे आणि उपदेशकाचा आवाज दगडांत विरून जात असे. येशू संघीयांना हे नको होते. त्यांना एक प्रशस्त, सलग दालन हवे होते, जेथे शेवटच्या माणसालाही वेदी दिसेल आणि प्रवचन ऐकू येईल. मठवासी धर्मगुरूंनी समूहाने प्रार्थना गाण्यासाठी वेदीपुढे राखून ठेवलेली जागाही त्यांनी काढून टाकली, कारण त्यांच्या संघात अशा समूहगायनाचे बंधन नव्हते. वेदी लोकांच्या अधिक जवळ आली.

बॉम जेझुस ही काही 'जेसू'ची हुबेहूब प्रतिकृती नव्हे. येथे 'जेसू'सारखा घुमट नाही आणि दालनाच्या दोन्ही बाजूंस कपेलांची ओळही नाही. परंतु विचार तोच आहे. क्रूसाच्या आकाराची आखणी, एकच दालन, मध्ये एकही खांब नाही, वर लाकडी छत आणि त्यावर कौले. मंदिराची लांबी सुमारे १८३ फूट, रुंदी सुमारे ५५ फूट आणि उंची सुमारे ६१ फूट आहे. आत शिरल्यावर पहिल्या पावलातच मुख्य वेदी पूर्ण दिसते.

या विचाराचे केंद्र म्हणजे प्रवचनपीठ. दालनाच्या मध्यावर, दक्षिणेकडील भिंतीतून बाहेर आलेले हे लाकडी प्रवचनपीठ आमच्या मते या मंदिरातील लाकूडकामाचा सर्वोत्तम नमुना आहे. त्याच्या तीन बाजूंवर प्रभू येशू, चार शुभवर्तमानकार आणि ख्रिस्तसभेचे चार महान आचार्य कोरलेले आहेत. वर छत्र आहे. तळाशी सात आकृती आहेत आणि त्यांनी सारे पीठ तोलून धरले आहे. रचना युरोपीय असली तरी छिन्नी येथल्या सुताराच्या हातात होती, हे त्या आकृतींच्या भरगच्च, ठसठशीत घडणीकडे पाहून जाणवते. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात प्रवचनकार याच ठिकाणी उभा राहत असे. वेदीपाशी उभे राहून बोलला असता तर त्याचा आवाज मागील दारापर्यंत पोहोचणे कठीण होते. दालनाच्या मध्यावरून तो सर्वांना ऐकू जाई. आज वाचन व प्रवचन वेदीजवळून होते आणि प्रवचनपीठ रिकामे असते.

दर्शनी भाग : चार शैली, दोन दगड

पश्चिमेकडे तोंड असलेला दर्शनी भाग सुमारे ७८ फूट उंच व ७५ फूट रुंद आहे. त्याचे तीन मजले आणि वर कळसासारखा चौकोनी भाग अशी मांडणी आहे. तळमजल्यावर तीन दारे. मधले मोठे, बाजूची दोन लहान. दुसऱ्या मजल्यावर तीन आयताकृती खिडक्या, तिसऱ्यावर तीन वर्तुळाकार खिडक्या. नजर जसजशी वर जाते तसतसे आकार हलके होत जातात. स्तंभांच्या घडणीत डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि या दोहोंच्या मिश्रणातून झालेली 'कम्पोझिट' अशा ग्रीक-रोमन परंपरेतील शैलींचा मेळ घातलेला आहे.

सर्वांत वर, मधोमध, काळ्या दगडात कोरलेली 'आय-एच-एस' ही तीन अक्षरे आहेत. ग्रीक भाषेत येशू हे नाव लिहिताना येणारी ही पहिली तीन अक्षरे. 'मानवांचा तारणारा येशू' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची ही आद्याक्षरे आहेत असे आपल्याकडे शिकविले जाते. तो अर्थ सुंदर आहे, पण तो नंतर जोडला गेला. संत इग्नेशियस यांनी हीच अक्षरे आपल्या संघाचे चिन्ह म्हणून स्वीकारली. रोमच्या 'जेसू' मंदिराच्या दर्शनी भागावरही हेच चिन्ह आहे.

येथे एक शास्त्रीय बारकावा सांगितला पाहिजे. बॉम जेझुसला सरसकट 'बरोक' म्हटले जाते. पोर्तुगीज भाषेत वेड्यावाकड्या आकाराच्या मोत्यास 'बारोको' म्हणत, त्यावरून हा शब्द आला असे मानले जाते. हालचाल, प्रकाश-सावली, सोनेरी लखलखाट आणि पाहणाऱ्याच्या भावनेला थेट हात घालणारी नाट्यमयता ही बरोक कलेची लक्षणे. १६०५ मध्ये पूर्ण झालेला हा दर्शनी भाग त्या दृष्टीने अजून संयमी आहे. त्याच्या रेषा सरळ आहेत, पृष्ठभाग सपाट आहेत. कलेचे अनेक अभ्यासक त्याला बरोकच्या आधीच्या, मॅनरिस्ट म्हटल्या जाणाऱ्या शैलीत बसवितात. खरा बरोक आत आहे आणि तो पुढील शंभर वर्षांत हळूहळू भरत गेला.

आता दगडांविषयी. मंदिराच्या भिंती जांभ्याच्या आहेत. कोकण आणि गोव्यात जमिनीखाली सर्वत्र आढळणारा हा लाल दगड खाणीतून काढताना मऊ असतो, त्याचे चिरे सहज कापता येतात आणि हवा लागल्यावर तो टणक होतो. पण त्यावर बारीक नक्षी उठत नाही. स्तंभ, दारांच्या चौकटी आणि ती तीन अक्षरे यांसाठी कठीण, बारीक कणांचा दगड हवा होता. तो आणला गेला वसईहून. तेथून काळा पाषाण समुद्रमार्गे गोव्यास नेण्यात आला. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि तेथील दगडाला गोव्यातील बांधकामात मोठा मान होता. संत फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईस येऊन गेले होते. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली आणि किल्ल्यातील मंदिरे पुढे ओसाड झाली. परंतु वसईच्या दगडात कोरलेले येशूचे नाव गोव्यात आजही आपल्या जागी आहे. वसईच्या वाचकांनी पुढच्या खेपेस त्या अक्षरांकडे मान वर करून जरूर पाहावे.

सोन्याची भिंत

आत शिरताना डोक्यावर लाकडी गॅलरी येते. ती गायकवृंदासाठी आहे. तिच्याखाली उजवीकडे संत अँथनी यांची वेदी आणि डावीकडे संत फ्रान्सिस झेवियर यांचा सुबक लाकडी पुतळा आहे. भिंती साध्या आहेत. हा साधेपणा मुद्दाम राखलेला वाटतो, कारण सारी श्रीमंती पूर्वेकडे एकवटलेली आहे.

मुख्य वेदीमागे जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत पोहोचणारे, सोन्याचा वर्ख दिलेले लाकडी मखर उभे आहे. मखर हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. वेदीमागील या प्रकारच्या रचनेला आपल्या भाषेत याहून जवळचा शब्द नाही. तळाशी बाळ येशूची लहान मूर्ती आहे. तिच्या वर संत इग्नेशियस लोयोला यांचा मोठा पुतळा आहे. प्रथम पाहणाऱ्यास हे प्रमाण खटकते. मंदिर येशूचे आणि पुतळा मोठा संताचा, असे का? उत्तर संताच्या दृष्टीत आहे. इग्नेशियस आपल्याकडे पाहत नाहीत. ते भारावून वर पाहत आहेत, आणि तेथे एका सूर्यासारख्या तबकावर पुन्हा तीच तीन अक्षरे आहेत. त्याच्याही वर पवित्र त्रैक्य आहे. पाहणाऱ्याची नजर बाळ येशूपासून संताकडे, संताच्या नजरेबरोबर येशूच्या नावाकडे आणि तेथून पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्याकडे जाते. बाहेरच्या भिंतीवर वाचलेले नाव आत पुन्हा भेटते. मुख्य वेदीच्या दोन बाजूंस आशेची माता पवित्र मरिया आणि महादूत संत मायकेल यांच्या वेदी आहेत.

मखराचे पीळ घातलेले खांब हे बरोकचे हुकमी चिन्ह. रोममध्ये संत पीटर यांच्या बॅसिलिकेत बेर्निनी या शिल्पकाराने १६३३ मध्ये पूर्ण केलेल्या कांस्यछत्रानंतर असे खांब कॅथोलिक जगात सर्वत्र पसरले. यरुशलेम येथील शलमोन राजाच्या मंदिराचे खांब असेच होते अशी जुनी समजूत होती, म्हणून त्यांना 'सॉलोमनी' खांब म्हणत. गोव्यातील कारागिरांनी हा आकार इतका आपलासा केला की आज गोव्यातील खेडोपाडीच्या मंदिरांतही तो दिसतो.

दिव्यांच्या उजेडात ही सोन्याची भिंत कशी दिसत असेल याची आज कल्पना करावी लागते. विजेचा प्रकाश सर्वत्र सारखा पडतो. मेणबत्तीची ज्योत हलते, आणि तिच्याबरोबर वर्खावरील चमकही हलते.

संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी

संत फ्रान्सिस ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांचुआन बेटावर मरण पावले. त्यांचा देह प्रथम मलाक्का येथे आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणण्यात आला. तो दीर्घकाळ संत पॉल यांच्या महाविद्यालयात होता. त्या वास्तूची आज केवळ एक कमान शिल्लक आहे. १६१९ मध्ये त्यांना धन्य व १६२२ मध्ये संत घोषित करण्यात आले आणि १६२४ मध्ये त्यांचे अवशेष बॉम जेझुसमध्ये आले. म्हणजे मंदिर पवित्र झाल्यानंतर एकोणीस वर्षांनी. दक्षिणेकडील बाहूत त्यांची कपेल आहे. सोनेरी पिळाचे खांब, कोरीव लाकूड आणि संतांच्या जीवनावरील चित्रे यांनी ती भरलेली आहे. तिच्यासमोर, उत्तरेच्या बाहूत, पवित्र साक्रामेंतची कपेल आहे.

समाधीचे दोन भाग आहेत आणि ते दोन वेगळ्या जगांतून आले आहेत.

वरचा भाग म्हणजे चांदीची पेटी. ती १६३६-३७ मध्ये गोव्यातील सोनारांनी घडविली. तिच्यामागील प्रेरणा मार्चेल्लो मास्त्रिल्ली या इटालियन येशू संघीय धर्मगुरूंची होती. नेपल्स येथे मरणोन्मुख असताना संत फ्रान्सिस यांच्या मध्यस्थीने आपण बरे झालो अशी त्यांची श्रद्धा होती. ते गोव्यास आले, पेटीचे काम सुरू करून दिले, जपानला गेले आणि १६३७ मध्ये नागासाकी येथे त्यांनी हौतात्म्य पत्करले. पेटीवर बत्तीस चौकटी असून त्यांत संतांच्या जीवनातील प्रसंग आहेत : इटलीतील इस्पितळात रुग्णाच्या जखमेचे चुंबन घेणारे फ्रान्सिस, स्वप्नात एका भारतीय माणसाला खांद्यावर वाहणारे फ्रान्सिस, उपदेश, बाप्तिस्मा, शांचुआन येथील एकाकी मृत्यू. प्रसंग युरोपीय चित्रांवरून घेतलेले आहेत, ठोकणीचे काम आपल्या मातीतले आहे.

खालचा भाग म्हणजे संगमरवर आणि जास्पर या दगडांचा तीन टप्प्यांचा चबुतरा. तो फ्लॉरेन्सहून आला. टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांना, ज्या उशीवर संतांचे मस्तक विसावले होते ती उशी भेट मिळाली होती. तिची परतफेड म्हणून त्यांनी हा चबुतरा पाठविला. त्यांच्या दरबारी शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने तो घडविला. त्यास दहा वर्षे लागली. पेट्यांत भरून तो समुद्रमार्गे गोव्यास आला आणि सोबत आलेल्या प्लाचिदो राम्पोनी या कारागिराने १६९८ मध्ये तो येथे जोडला. त्याच्या चार बाजूंवर कांस्याच्या चार पट्टिका आहेत : मोलुका बेटांवर उपदेश, बाप्तिस्मा, मोरो बेटवासीयांच्या पाठलागातून नदी पोहून सुटका, आणि मृत्यू. रंगीत दगडांचे जडावकाम ही फ्लॉरेन्सची खासियत. एवढ्या मोठ्या प्रमाणात ते भारतातील ख्रिस्तमंदिरात इतरत्र पाहावयास मिळत नाही.

एका उशीच्या बदल्यात दहा वर्षांचे काम! आधुनिक मनाला हा व्यवहार विचित्र वाटेल. श्रद्धेचे मोजमाप त्या काळी वेगळे होते एवढेच आम्ही म्हणू.

मठातील मराठी

मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मंदिराचे काम चालू असताना येशू संघाचेच इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स गोव्यात, मुख्यतः साष्टी भागात, सेवा करीत होते. ते १५७९ मध्ये आले आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्यांच्या मागोमाग फ्रेंच येशू संघीय एतियेन द ला क्रुआ यांनी संत पीटर यांच्या जीवनावर मराठीत ओवीबद्ध पुराण रचले. त्याची छपाई १६२९ ते १६३४ या काळात झाली आणि ती बॉम जेझुसला लागून असलेल्या याच कासा प्रोफेसात झाली. सोनार पेटी घडवीत होते त्याच्या दोन-तीन वर्षे आधी भिंतीपलीकडे रोमन लिपीत मराठी ओव्या छापल्या जात होत्या. दर्शनाला येणाऱ्यांना ही माहिती देणारा एखादा फलक तेथे असावा असे आम्हांस मनापासून वाटते.

गिलाव्याचा प्रश्न

१७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने येशू संघीयांना आपल्या प्रदेशांतून हद्दपार केले. १७७३ मध्ये संघच विसर्जित झाला. १८१४ मध्ये तो पुन्हा स्थापन झाला. दरम्यान रोगराईमुळे जुने गोवे ओसाड होत गेले, राजधानी पणजीस हलली आणि एकेक वास्तू कोसळू लागली. टेकडीवरील ऑगस्टिनियन मंदिराचे छत १८४२ मध्ये पडले आणि १९३१ मध्ये त्याच्या दर्शनी भागासह अर्धा मनोराही ढासळला. छत गेले की चार-पाच पिढ्यांत काय उरते, हे तेथे पाहावे. बॉम जेझुस वाचले, कारण संतांच्या अवशेषांमुळे ते कधीच ओस पडले नाही. १९४६ मध्ये पोप पायस बारावे यांनी त्यास बॅसिलिकेचा दर्जा दिला. १९८६ मध्ये युनेस्कोने जुन्या गोव्यातील चर्च व मठ जागतिक वारसा म्हणून घोषित केले. बॅसिलिका भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

तरीही तिच्या भिंती झिजत आहेत, आणि त्याचे कारण तिच्या प्रसिद्ध लाल रंगातच आहे. मूळ मंदिर जुन्या गोव्यातील इतर मंदिरांप्रमाणे चुन्याच्या गिलाव्याने झाकलेले व पांढरे होते. जुनी छायाचित्रे याची साक्ष देतात. १९५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारने पाठविलेले वास्तुविशारद बाल्टाझार कास्ट्रो यांच्या देखरेखीखाली तो गिलावा काढून टाकण्यात आला. वास्तूला अधिक प्राचीन रूप यावे, हा त्यामागील हेतू होता असे सांगितले जाते. साडेतीनशे वर्षे झाकलेला जांभा प्रथमच कोकणच्या पावसात उघडा पडला.

जांभ्यात सूक्ष्म छिद्रे असतात आणि मध्येमध्ये मातीचे कप्पे असतात. पावसाच्या माऱ्याने ती माती धुऊन जाते, दगडास भोके पडतात, त्यांत पाणी साचते, शेवाळ धरते, आणि पुढील पावसात भोक मोठे होते. चुन्याचा गिलावा हे सारे स्वतःवर घेत असे. तो पाऊस अडवी, पण भिंतीतील ओलावा बाहेर पडू देई. झिजला की तो बदलावयाचा, दगडाला धक्का लागत नसे. सिमेंट हे काम करू शकत नाही. ते ओलावा आत कोंडते आणि दगड आतून कुजतो. आपल्या भागातील काही जुन्या मंदिरांची डागडुजी करताना सिमेंट सढळ हाताने वापरले गेले आहे. संबंधित समित्यांनी हा भाग पुन्हा एकदा वाचावा अशी आमची विनंती आहे.

२०२० मध्ये बॅसिलिकेच्या रेक्टरांनी छताच्या व भिंतींच्या अवस्थेबद्दल जाहीरपणे चिंता व्यक्त केली. कौले काढून दुरुस्ती सुरू असतानाच टाळेबंदी आली होती आणि पावसाळा तोंडावर होता. त्यानंतर गिलावा पुन्हा चढवावा की नाही, या वादाला नव्याने तोंड फुटले. चढवावा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे : मूळ रचना तीच होती आणि दगड वाचविण्याचा तोच मार्ग आहे. विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. दोन-तीन पिढ्यांच्या मनात बॉम जेझुस म्हणजे हाच लाल चेहरा आहे. शिवाय वाईट रीतीने केलेला गिलावा काहीच न केल्यापेक्षा अधिक नुकसान करू शकतो, कारण उघड्या राहून झिजलेल्या जांभ्यावर चुना नीट धरेलच असे नाही.

आमचे मत गिलाव्याच्या बाजूचे आहे, परंतु घाईच्या बाजूचे नाही. एखाद्या मागील, कमी नजरेत येणाऱ्या भिंतीवर पारंपरिक चुन्याने काम करून त्यावरून दोन-चार पावसाळे जाऊ द्यावेत आणि मग दर्शनी भागाचा निर्णय घ्यावा. लाल रंगावर आपले प्रेम आहे हे खरे. पण ज्यांनी हे मंदिर बांधले, ज्यांच्या मृत्युपत्रातील पैशाने ते उभे राहिले, ज्यांनी त्यात पहिली मिस्सा ऐकली, त्यांपैकी कोणीही ते लाल पाहिलेले नव्हते.

दर्शनास जाणाऱ्यांसाठी

संतांचा सण ३ डिसेंबर रोजी असतो. त्याआधी नऊ दिवसांची नोव्हेना होते. अवशेषांचे जाहीर दर्शन साधारणतः दर दहा वर्षांनी घडते. मागील सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जवळच्या से कॅथेड्रलमध्ये झाला. गर्दीच्या दिवसांत मंदिराची कला पाहणे जवळजवळ अशक्य असते. कला पाहावयाची असेल तर आठवड्यातील साध्या दिवशी जावे, मिस्साबलिदानात भाग घ्यावा आणि मग रांगेत लागण्यापूर्वी दालनाच्या मध्यावर, प्रवचनपीठासमोर, काही मिनिटे थांबावे. दर्शनी भाग पश्चिमाभिमुख असल्याने त्याचे कोरीव काम दुपारनंतरच्या उन्हात अधिक उठून दिसते.

शक्य असल्यास एकदा जुलै महिन्यात जावे. पाऊस पडत असताना दर्शनी भागासमोर उभे राहिल्यास जांभा पाणी पिऊन गडद होताना आणि वसईच्या काळ्या दगडावरून तेच पाणी ओघळून खाली जाताना स्पष्ट दिसते.